वावर विकून जहाजावर? वाचक विचारतात, बोसन सांगतो

दिवाळी अंकात मी माझ्या जहाजावरच्या दिवसांवर दोन पानं लिहिली होती आणि तेव्हापासून संपादकांकडे पत्रं, फोन, व्हॉट्सॲप सुरूच, शेवटी ते कंटाळून म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. मी आर्वी तालुक्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी, डेकवर साधा खलाशी म्हणून चढलो आणि बोसन होऊन उतरलो, बोसन म्हणजे डेकवरच्या लोकांचा मुकादम. आता घरी कपाशी आणि तूर. सारखे प्रश्न एकत्र केले, नावं काढून टाकली, पण पत्रातली बोली तशीच ठेवली, ती सुधारली तर मजाच जाते.

प्रश्न : माहा पोरगा बारावी झाला. एका ऑफिसातला माणूस घरी येऊन गेला, म्हणते सहा लाखात मर्चंट नेव्हीत डायरेक्ट नोकरी, ट्रेनिंग, पासपोर्ट, सीडीसी सगळं त्यातच, तीन महिन्यात जहाजावर आन् पगार लाखभर. दीड लाख ॲडव्हान्स मांगून राहिला. एक एकर काढाव म्हणतो. देऊ का? (शेतकरी, ता. दारव्हा)

नका देऊ काकाजी. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल, ॲडव्हान्स आधी थांबवा.

आता का ते सांगतो. हा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरून विकून राहिला. एक ट्रेनिंग, दुसरी नोकरी. ट्रेनिंग विकत मिळते, तिची फी असते, पावती असते, फक्त ती देणारी संस्था मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे ज्याला सगळे डीजी शिपिंग म्हणतात त्यांनी मंजूर केलेली लागते. नोकरी मात्र विकता येत नाही. पोरांना जहाजावर लावून देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल नावाचं लायसन लागते, आणि तसं लायसन असलेल्या कंपनीने नोकरी लावून द्यायचा एक रुपया जरी पोराकडून घेतला तरी तो बेकायदा. २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, एमएलसी म्हणतात, हा जगभराचा करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, त्यात स्पष्ट आहे की पोराच्या खिशातून जायचा तो खर्च मेडिकलचा, सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीचा, आणि पासपोर्टचा, बस. व्हिसाचा खर्चसुद्धा त्याच्यावर टाकायचा नाही. म्हणजे 'सहा लाखात नोकरी' म्हणणारा एकतर खोटं बोलून राहिला नाहीतर कायदा मोडून राहिला, आणि दोन्ही बाजूंनी तुमचं एकर गेलंच.

आणि 'तीन महिन्यात जहाजावर' हे तर त्याने स्वतःच स्वतःला पकडून दिलं. दहावी बारावीच्या पोराला डेकवर जायचा सरळ रस्ता म्हणजे जीपी रेटिंग (रेटिंग म्हणजे ऑफिसर नाही असा साधा खलाशी), तो कोर्सच सहा महिन्यांचा आहे, तोही तिथं राहून. त्याच्यानंतर परीक्षा, मग सीडीसी, मग कंपन्यांचे उंबरठे. हे शेवटचं किती दिवस चालते हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, पास झालेली पोट्टी जास्त अन् जागा कमी, कोर्स करून वर्षवर्ष घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत. हे कोणी एजंट सांगत नाही म्हणून मी सांगतो. आणखी एक, मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नाही. ती सरकारी नोकरी नाही, पेन्शन नाही, माल वाहणाऱ्या जहाजावरचं कॉन्ट्रॅक्टचं काम आहे. आमच्या गावात माझी आई मरेपर्यंत सांगत होती की पोरगा मिलिटरीत आहे, मी पण कधी दुरुस्त केलं नाही.

मी स्वतः फसलोय म्हणून एवढं बोलतो. एकाने मला जॉइनिंग लेटर दिलं, त्यावर जहाजाचं नाव, शिक्का, सही, सगळं. सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि अकरा दिवस त्याच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो, रोज 'उद्या फ्लाइट'. बाराव्या दिवशी टपरीवर एक म्हातारा सारंग, म्हणजे जुन्या काळचा बोसन, भेटला, रत्नागिरीकडचा, त्याने लेटर हातात घेतलं अन् म्हणाला हे जहाज तर मी स्वतः भंगारात नेऊन सोडलं चार वर्षांपूर्वी. पैसे बापाने सोसायटीतून काढले होते. ते फेडायला तीन कपाशीचे हंगाम लागले, त्याबद्दल बाप मला कधी काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तर त्या माणसाला तीनच गोष्टी विचारा. संस्थेचं नाव काय आणि ती जीपी रेटिंगसाठी डीजीच्या यादीत आहे का, यादी त्यांच्या वेबसाइटवर उघडी आहे, तालुक्याच्या कोणत्याही नेट कॅफेत निघते. कंपनीचा आरपीएसएल नंबर काय, तो पण तिथंच तपासता येते, आणि नंबर खरा निघाला तरी त्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावून विचारा की हा माणूस तुमचा आहे का, कारण दुसऱ्याचा नंबर आपल्या कार्डावर छापणारे पण आहेत. आणि तिसरं, पावती कोणाच्या नावाची. फी संस्थेच्या खात्यात गेली पाहिजे, माणसाच्या फोन पे वर नाही. बघा तिसऱ्या प्रश्नाला तो चहा अर्धा ठेवून उठते का नाही.

पोराला खरंच जायचं असेल तर अटी अशा: वय साडेसतरा ते पंचवीस, दहावीला किंवा बारावीला सरासरी ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के, डीजीच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल. बॅच सहसा जानेवारी आणि जुलैला सुरू होतात, प्रवेशाच्या तारखा डीजीच्या साइटवर पाहून घ्याव्या. कोर्सला लागताना इंडॉस नंबर निघतो, खलाशाचा आधार नंबर समजा. सहा महिन्यांनी संस्थेच्या बाहेरची परीक्षा असते, ती बीईएस नावाचं बोर्ड घेते, ती पास झाली की शिपिंग मास्तरच्या ऑफिसकडून सीडीसी मिळते, दहा वर्षं चालणारी पासपोर्टसारखी वही. संस्थांची डीजीकडून तपासणी होऊन ग्रेड पण लागतात, ए वन सगळ्यात वरची, फी भरायच्या आधी ग्रेड विचारा. पासपोर्टला एजंट कशाला लागते, नागपूरला ऑफिस आहे, अर्ज ऑनलाइन आहे, पोरगा बारावी झालाय ना.

प्रश्न : मी दहावी ५२ टक्के, मग आयटीआय फिटर केलं. घरचे हो म्हणून राहिले पण मी समुद्रच नाही पाहिला अजून. सहा महिने शिकवते तरी काय? इंग्रजी कच्ची आहे. (विद्यार्थी, ता. उमरखेड)

बाबू, समुद्र न पाहिल्याचं टेन्शन घेऊ नको, मी ज्या बॅचला होतो तिच्यात अर्धी पोरं बिहार, यूपीची होती, त्यांनी पण नव्हता पाहिला. समुद्रकाठच्या पोरांना फक्त एवढाच फायदा की त्यांना पहिल्या दिवशी फोटो काढायचे नसतात.

जीपी म्हणजे जनरल पर्पज. डेक आणि इंजिन दोन्हीकडचं शिकवतात, पुढे कंपनी तुला कुठं घेते त्यावर तू ओएस, म्हणजे डेकवरचा नवा खलाशी, होतो का वायपर, म्हणजे इंजिनकडचा, ते ठरते. तू फिटर आहे, फाइल कशी धरायची, नट कसा सोडवायचा हे तुला येते, इंजिनच्या तासाला तू बाकीच्यांच्या पुढे राहशील. दोन वर्षांचं आयटीआय असेल आणि मार्क ४० च्या वर असतील तर त्याच्यावर पण प्रवेश होते.

सकाळी अंधारात उठवतात, पीटी, मग कवायत, मग झाडलोट. पहिला आठवडा सगळे रडतात, कोणी लपून कोणी उघड. मग दोर सुरू होते, आणि इथं शेतकऱ्याच्या पोराचं खातं उघडते. पहिल्याच दिवशी मास्तरने विचारलं कोणाला कोणती गाठ येते, मी बैल खुंट्याला बांधायची गाठ मारून दाखवली, बापाने शिकवलेली, तर तो म्हणाला हीच क्लोव्ह हिच, तुला अर्धा तास सुट्टी. बोलाइन मात्र नवी होती. ती अशी गाठ की तिचा फासा ना सरकत ना आवळत, कितीही ताण आला तरी नंतर हाताने सुटते, म्हणून माणसाच्या कमरेला बांधायला तीच. ती डोळे मिटून, पाठीमागे हात करून, थंडीने बोटं बधीर असताना मारता आली पाहिजे, कारण खरी गरज पडते तेव्हा उजेड आणि ऊन दोन्ही नसते. मी रात्री पलंगाच्या दांड्याला बांधून बांधून शिकलो, शेजारचा वैतागून म्हणायचा झोप ना बे.

मग हीव्हिंग लाइन. जहाज धक्क्याला लागताना जाडजूड दोर, मांडीएवढे, ते काही फेकता येत नाहीत, म्हणून आधी एक बारीक दोरी फेकायची, तिच्या टोकाला वजनाचा गोळा, मंकी फिस्ट म्हणतात. धक्क्यावरचा माणूस ती पकडते आणि तिच्यामागून मोठा दोर ओढून घेते. अर्धी वेटोळी एका हातात, अर्धी दुसऱ्या हातात, कंबर वळवून फेकायची अन् दुसऱ्या हातातली वेटोळी आपोआप सुटत गेली पाहिजे, गुंता झाला तर गोळा तुझ्याच डोक्यावर. ज्याने ज्वारीतले पाखरं हाकलायला गोफण चालवली त्याला हे चार दिवसात जमते, सोडायचा क्षण तोच असते. आमच्या बॅचचा पहिला लांब फेका बुलढाण्याच्या पोट्ट्याचा होता, मुंबईवाले पाहत राहिले.

दोराबद्दल एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नको. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परत येते, त्याला स्नॅप बॅक म्हणतात, त्याच्या मारात पाय आला तर पाय जाते, छाती आली तर माणूस. आधी डेकवर धोक्याच्या जागा रंगाने आखायचे, आता तर म्हणतात की मूरिंगचा, म्हणजे जहाज बांधायच्या दोरांचा, पूर्ण डेकच धोक्याचा समजा. मी एक दोर तुटताना ऐकला आहे, आधी तो करकरते, मग गप्प होते, त्या गप्प होण्यात जो मागे सरकला तो वाचला.

बाकी मग गंज खरवडणे, प्रायमर, रंग. खरं सांगायचं तर डेकवरचं निम्मं आयुष्य हेच आहे. हातोडीने टकटक गंज पाडायचा, ब्रश मारायचा, रंग द्यायचा, आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत गंज. युनिफॉर्म घालून दुर्बिणीतून बघतानाचे फोटो जे एजंट दाखवते ते ऑफिसरचे असतात. अंगात बॉयलर सूट, कानात बोळे आणि चेहऱ्यावर लाल धूळ, तो तू.

इंग्रजी. सुकाणू धरायला शिकवतात तेव्हा कळते ४० टक्क्यांची अट कशाला. ऑफिसर म्हणते 'स्टारबोर्ड टेन', तू तेच मोठ्याने परत म्हणायचं, मग चाक फिरवायचं, आणि काटा दहावर आला की परत सांगायचं की दहावर आला. स्टारबोर्ड म्हणजे उजवी, पोर्ट म्हणजे डावी, एवढं चुकलं तरी जहाज भलतीकडे जाते, आणि ऑफिसर फिलिपिन्सचा असेल, कॅप्टन युक्रेनचा, त्याला तुझी वऱ्हाडी येत नाही. शेक्सपिअर नाही लागत, दीडदोनशे ऑर्डरी आणि वस्तूंची नावं पाठ पाहिजे, आणि न लाजता 'परत सांगा' म्हणता आलं पाहिजे. मजा म्हणजे जुन्या जहाजांवर आपलेच शब्द चालायचे, बोसनला सारंग, त्याच्या हाताखालच्याला टिंडेल, सुकाणूवाल्याला सुकाणी, स्टोअरवाल्याला कसाब, स्वयंपाक्याला भंडारी. इंग्रजांच्या जहाजांवर हे शब्द इंग्रजांनाच शिकावे लागले. आता म्हातारे सोडले तर कोणी बोलत नाही.

पाण्याची भीती असेल तर ती तलावात निघते. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी, नाक धरून, पाय जुळवून, नजर समोर, खाली पाहिलं की तोंडावर आपटतो. मग उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे फुगवलेला तराफा, त्याचा पट्टा धरून, काठावर पाय देऊन अंगाच्या वजनाने पालथा सरळ करायचा, तो अंगावर येते आणि दोन सेकंद त्याच्याखाली अंधार असते. मी गावच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो होतो तरी त्या दोन सेकंदात आई आठवली.

आणि एक धडा आहे जो तुझ्या आजोबाला जास्त कळेल. बंद टाकी, बंद होल्ड म्हणजे मालाची कोठी, यात उतरायच्या आधी हवा तपासायची. लोखंड गंजते तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खाते, कोळसा आणि लाकूड पण खाते. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असते, आत तो कमी झालेला दिसत नाही, वास नाही, माणूस शिडीवर असतानाच कोसळते, आणि मग त्याला काढायला दुसरा उतरते तो पण तिथंच. आजोबाला विचार, ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कोणाला का उतरू देत नव्हते. जुन्या विहिरीत कंदील का सोडायचे. तेच आहे हे, फक्त जहाजावर कंदिलाऐवजी मीटर आहे आणि दर दोन महिन्यांनी याची ड्रिल करावी लागते. तरी माणसं मरतात, कारण घाई.

प्रश्न : लाल हिरवा रंग मले थोडा मिक्स दिसते, पण काम चालते. मेडिकलले कोणी सेटिंग करून देते काय? (ता. मेहकर)

नाही रे भाऊ, आणि कोणी देतो म्हटलं तरी घेऊ नको. रात्री समुद्रात समोरच्या जहाजाचं जे दिसते ते फक्त दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर पांढरे. लाल दिसला म्हणजे त्याची डावी बाजू आपल्याकडे, हिरवा म्हणजे उजवी, त्यावरून ठरते कोण कोणाला वाट देणार. लुकआउटला, म्हणजे नजर ठेवायला, उभा राहून तू हिरवा सांगितला आणि तो लाल असला तर? पुस्तकातल्या ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावतात ती इशिहारा टेस्ट, ती कोर्सची फी भरायच्या आधी करून घ्यायची, सगळ्यांनीच. मला एक पोट्टा माहीत आहे ज्याला तीन महिने झाल्यावर कळलं, फी गेली. डेक सोड, दुसरं बघ, रंग ओळखणारी नजर लागत नाही अशी कामं जमिनीवर ढीगभर आहेत.

प्रश्न : मी मुंबईले जाऊन पंधरा दिवसात पाच कोर्स केले, सीडीसी पण काढून दिली एजंटनं. दोन वर्ष झाले घरीच आहो. आता तो म्हणते बाहेरच्या देशाची सीडीसी काढ, लवकर लागते. वय २३. (ता. वरूड)

तुला जे विकलं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं, म्हणूनच तक्रार कशाची करावी ते तुला कळत नाही. ते पाच कोर्स म्हणजे एसटीसीडब्ल्यूचं बेसिक: जीव वाचवणं म्हणजे पीएसटी, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदारी म्हणजे पीएसएसआर, आणि सिक्युरिटीचा एक. एसटीसीडब्ल्यू हा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१० मध्ये मनीलाला त्यात मोठी दुरुस्ती झाली. हे कोर्स कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत जहाजावरच्या सगळ्यांकडे असतात. म्हणजे तुझ्याकडे एसटीत चढायचं तिकीट आहे, ड्रायव्हरचं लायसन नाही. कंपनीला डेकवर माणूस पाहिजे असेल तर ती सहा महिन्यांचं प्री सी ट्रेनिंग झालेला घेईल, तुला का घेईल?

बाहेरच्या देशाच्या सीडीसीचं तर नावच काढू नको. अशा कागदांवर छोट्या, जुन्या, कोणाच्या मालकीचं आहे तेच कळत नाही अशा जहाजांवर पोरं चढवतात, पगार दोन महिने येते मग बंद, मालक फोन उचलत नाही, बंदरवाले उतरू देत नाहीत. एमएलसीमध्ये २०१७ पासून मालकाला अशा वेळेसाठी विमा ठेवावा लागते, त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परत यायचा खर्च निघते, पण ज्या जहाजाचे कागदच बनावट त्याचा विमा कोणी पाहिला.

तू २३ चा आहे, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. जीपी रेटिंगला अर्ज कर. बेसिकचे कोर्स बहुतेक ठिकाणी त्यातच येतात, तुझे आधीच झालेले आहेत तर त्याची फी वजा होते का हे विचारून घे, लाजू नको. आणि हो, पीएसटी आणि आगीचा कोर्स दर पाच वर्षांनी रिफ्रेश करावा लागते, तुझी तारीख कधी संपते ते सर्टिफिकेटवर पाहून ठेव.

प्रश्न : आम्ही ढिवर. माही पोरगी वैनगंगेत डोंगा चालवते, जाळं टाकते, पोराइपेक्षा बरी. बारावी सायन्स करून राहिली. पोरी घेतेत काय जहाजावर? लोक हासतेत. (आई, जि. भंडारा)

ताई, घेतात. नियमात कुठंच पोरांपुरतं असं लिहिलेलं नाही, उलट मुलींना वयात सवलत आहे. संख्या कमी आहे हे खरं, डेकवर रेटिंग म्हणून तर फारच कमी, त्यामुळे तुमची पोरगी जाईल तिथं बहुतेक वेळा ती एकटीच बाई असेल, हे तिला आधीच माहीत असावं. झोपायच्या खोल्या बायका पुरुषांच्या वेगळ्या असाव्या असं एमएलसीतच आहे. छळ, लैंगिक त्रास हे कसं ओळखायचं, कसं थांबवायचं, कोणाला सांगायचं, हे २०२६ च्या जानेवारीपासून पीएसएसआरच्या कोर्सात सगळ्यांनाच शिकावं लागते, पुरुषांना आधी लागते असं माझं मत. संस्था बघताना पहिला प्रश्न फीचा नको, मुलींचं वेगळं होस्टेल आहे का, आधीच्या बॅचला मुली होत्या का आणि त्यांना जहाज मिळालं का, हा विचारा, जमलं तर त्यातल्या एखादीचा नंबर मागा.

बारावी सायन्स मध्येच सोडू देऊ नका. फिजिक्स, गणित चांगलं असेल तर ती रेटिंगऐवजी थेट ऑफिसरकडे जाऊ शकते, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी असते, मुंबई आणि नवी मुंबईत कॅम्पस आहेत. रेटिंग म्हणून गेली तरी पुढे तीन वर्षांची, म्हणजे ३६ महिन्यांची समुद्रसेवा झाली की ऑफिसरच्या परीक्षेचं दार उघडते, तिथं पण बारावी सायन्स कामी येते.

बाकी हसणाऱ्यांना सांगा की २०१६ च्या कायद्यात आपल्या वैनगंगेचा खालचा भाग राष्ट्रीय जलमार्ग आहे, कागदावर का असेना. आणि पुराच्या पाण्यात ज्याला डोंगा वल्हवता येते त्याला प्रवाह काय करते हे वर्गात शिकवावं लागत नाही. मला बोसन होईपर्यंत ते नीट कळलं नव्हतं.

प्रश्न : खरा पगार किती? आन् सुट्टी? (बऱ्याच जणांचा)

जहाज, कंपनी, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी कोणत्या देशात) यावर आहे, म्हणून एकच आकडा सांगणारा खोटारडा समजा. एक आधाराचा आकडा आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, एबीचा, म्हणजे कसलेल्या डेक खलाशाचा किमान मूळ पगार ठरवते, २०२५ साठी तो महिना ६७३ डॉलर होता, त्याच्यावर ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे वेगळे. नवीन पोरगा त्याच्याहून खाली सुरू होते. आणि पगार जहाजावर आहे तेवढ्याच महिन्यांचा! सात आठ महिने कमावून चार महिने घरी बसलं तर बारा महिन्यांचा भागाकार करायचा, सोयाबीनच्या पैशासारखं. खाणं राहणं जहाजाचं. विश्रांती चोवीस तासात किमान दहा तास, आठवड्यात ७७, असा नियम, बंदरात आल्यावर तो पाळायला सगळ्यांचीच कसरत.

सहा महिन्यांची समुद्रसेवा झाली की वॉचकीपिंगचं, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीचं, सर्टिफिकेट, त्याच्यानंतर अठरा महिने, किंवा मान्यताप्राप्त ट्रेनिंग केलं तर बारा, मग एबी. बोसन मग ज्याच्या त्याच्या नशिबाने आणि आवाजाने.

प्रश्न : पोरीले स्थळ आलं. पोरगा म्हणते शिपवर एबी आहे, फोटो दाखवले समुद्रातले. खरं का खोटं कसं पाहाव? मध्यस्थ म्हणते विचारू नका, वाईट दिसते. (ता. मूर्तिजापूर)

हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवला कारण मला सगळ्यात आवडला.

फोटोवर जाऊ नका मामाजी, बंदरावर उभं राहून कोणीही काढते. पाहायला जाल तेव्हा सरळ म्हणा की सीडीसी बघायची आहे. तिच्यात प्रत्येक जहाजाची नोंद असते, कोणत्या तारखेला चढला, कोणत्या तारखेला उतरला, कोणत्या हुद्द्यावर, कॅप्टनची सही आणि शिक्का. हुद्द्याच्या रकान्यात एबी आहे का ओएस ते दिसते, ओएस असेल तरी काही वाईट नाही पण मग एबी का म्हणाला ते विचारा. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये किती महिने घरी होता ते तारखांवरून मोजा, दीडदोन वर्षांचा खड्डा दिसला तर कारण विचारा, आईचं दुखणं असू शकते, काही लफडं पण असू शकते. आणि इंडॉस नंबर मागून घ्या, डीजीच्या साइटवर तो टाकून पाहता येते, पुतण्याला बसवा मोबाईल घेऊन तिथंच.

पोरगा रागावेल ही मध्यस्थाची भीती आहे, पोराची नसते. त्याने खरंच जहाजं केली असतील तर दर बंदरात कोणी ना कोणी येऊन त्याची सीडीसी मागितलेली असते, तो चहाचा कप ठेवायच्या आधीच बॅगेतून काढून देईल.